पेटीतला डॉब्सन

सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. वेधशाळेच्या गच्चीवरचं दार करकरतं आणि चाकांच्या गाडीवरून एक लांबुळकी पेटी उन्हात येते. दहा-बारा वर्षांचं पोर आडवं झोपेल एवढी लांब आणि एकट्यानं उचलायला जाऊ नये इतकी जड. तिच्या पाठीवर एक आखूड नळी बसवतात, आत लोलक असलेली, आणि तिचं तोंड सूर्याकडे वळवतात. वरच्या अंगाला अंशांच्या खुणा कोरलेली गोल तबकडी आहे, जवळच एक मीटर, त्यात बारीक काटा. बटण दाबलं की आतली मोटर घरघरायला लागते आणि काटा थरथरतो. ऑब्झर्व्हर तबकडी हळूहळू फिरवतो. काटा शून्याच्या अलीकडे, पलीकडे, पुन्हा अलीकडे. मग स्थिरावतो. तबकडीवरचा आकडा आणि घड्याळातली वेळ वहीत उतरते.

हा डॉब्सन. पूर्ण नाव डॉब्सन स्पेक्ट्रोफोटोमीटर, पण ते टेंडरात आणि शोधनिबंधात. रोजच्या बोलण्यात ‘डॉब्सन लावला का?’ एवढंच, दूध आलं का विचारावं तसं. जन्म 1920 च्या दशकाच्या अखेरीचा. पुढे नळ्या बदलल्या, बॅटऱ्या गेल्या, वीज आली, काही ठिकाणी संगणकही जोडला गेला. पण विचारायचा प्रश्न तोच राहिला. आत्ता, इथे, डोक्यावर ओझोन किती?

हा प्रश्न तो थेट विचारत नाही. ओझोन त्याला दिसत नाही आणि वासही येत नाही. (वास आपल्याला येतो, झेरॉक्सच्या दुकानात मशीन तापलं की येतो तो, आणि तो काही वरच्या थरातून आलेला नसतो.) डॉब्सनची रीत तालुक्याच्या कचेरीतल्या मुरलेल्या कारकुनाची. तो दोन साक्षीदार समोरासमोर उभे करतो. सूर्याच्या अतिनील प्रकाशातल्या दोन तरंगलांबी निवडतो, उदाहरणार्थ 305.5 आणि 325.4 नॅनोमीटर. पहिलीला ओझोन भरपूर खातो, दुसरीला जेमतेम चाखतो. दोघी निघाल्या एकाच सूर्यापासून, आल्या एकाच वाटेनं. मग एक इतकी रोडावून पोचली कशी? दोघींतल्या तफावतीतच ओझोनचा हिशेब आहे.

आत क्वार्ट्झचे लोलक आहेत, कारण साधी काच अतिनील प्रकाश आधीच गिळते. अरुंद फटी आहेत, आणि एक फिरती चकती, जी दोन्ही किरणांना आळीपाळीनं पुढे सोडते. घरघर असते ती तिचीच. पुढे फोटोमल्टिप्लायर बसलेला, आळीपाळीनं येणारा उजेड मोजत. एक किरण जास्त आणि एक कमी असेल तर काटा ढळतो. तबकडी फिरवली की जास्त असलेल्या किरणाच्या वाटेत एक काळपट पाचर सरकत जाते आणि त्याचा तोरा उतरवते. दोघं सारखे झाले की काटा शून्यावर. पाचर किती सरकवावी लागली हे तबकडी सांगते. किराणा दुकानातल्या जुन्या तराजूचीच ही जात; आकडा काट्यावर वाचायचा नाही, काटा मध्यावर आणायला किती वजनं टाकावी लागली ते वाचायचं.

मला या यंत्राबद्दल जिव्हाळा वाटतो तो या शून्यामुळे. नुसता उजेड मोजणारं यंत्र म्हातारं झालं की आकडे बदलतात. तुलना करणाऱ्याची नजर मंदावली तरी दोन्ही बाजूंना सारखीच मंदावते.

तरी स्वभाव हळवा. सर्वांत जास्त हळवा तापमानाच्या बाबतीत. ऊन वाढलं की आतले लोलक किंचित बदलतात आणि निवडलेली तरंगलांबी फटीवरून सरकते. म्हणून पेटीत थर्मामीटर खोवलेला असतो. तो वाचायचा, तक्ता बघायचा आणि क्यू नावाची तरफ त्या खुणेवर आणायची. तक्ताही प्रत्येक डॉब्सनचा वेगळा. एका यंत्राचा तक्ता दुसऱ्याला चालत नाही, जशी एकाची पत्रिका दुसऱ्याला. पेटीत दमट हवा शिरू नये म्हणून सिलिका जेल ठेवायचं आणि त्याचा रंग उतरला की बदलायचं. ठरावीक मुदतीनं पाऱ्याचा दिवा लावून तरंगलांबी जागेवर आहे का ते बघायचं, प्रमाणित दिव्यासमोर बसवून डोळा शाबूत आहे का ते बघायचं. घरात मधुमेहाचा जुना रुग्ण असावा तशी ही वेळापत्रकं. ज्यानं ती पाळली त्याचा डॉब्सन साठ-साठ वर्षं चालला.

ज्यांचं नाव याला मिळालं ते गॉर्डन मिलर बोर्न डॉब्सन ऑक्सफर्डचे. 1889 चा जन्म. ऑक्सफर्डजवळ बोअर्स हिलवर त्यांचं घर आणि घरातच कार्यशाळा. ओझोनच्या थराची ओळख तोवर पटली होती. फ्रान्समध्ये फाब्री आणि ब्युइसाँ यांनी 1913 मध्येच सूर्यप्रकाशातली अतिनील चोरी त्याच्या माथी मारली होती. डॉब्सनना भलतंच काही हवं होतं. वातावरणातल्या दाबाबरोबर ओझोन कमीजास्त होतो असं त्यांच्या लक्षात आलं आणि यातून हवामानाचा अंदाज बांधता येईल अशी आशा त्यांनी धरली. ती आशा काही फारशी फळली नाही. पावसाचा अंदाज सांगायला जन्मलेलं पोर पुढे दुसऱ्याच कामात नाव काढतं, तसं झालं.

पहिलं यंत्र 1924 च्या उन्हाळ्यात घरच्या कार्यशाळेत बनलं, पण ते काटेवाल्या डॉब्सनचं थोरलं भावंड. ते फोटो काढत असे. 1926 मध्ये तशी यंत्रं युरोपभर गेली: आयर्लंडमधलं व्हॅलेंशिया, शेटलंडमधलं लर्विक, स्वीडनमधलं अबिस्को, जर्मनीतलं लिंडनबर्ग, स्वित्झर्लंडमधलं अरोसा, आणि एक पार चिलीला. काचेच्या प्लेटा टपालानं ऑक्सफर्डला यायच्या, तिथे धुवायच्या आणि मग मोजायच्या. आज काढलेला आकडा हाती यायचा कितीतरी आठवड्यांनी. अरोसा हे क्षयरोग्यांचं गाव, आपल्या पाचगणीसारखं डोंगरातल्या हवेसाठी नावाजलेलं. तिथल्या उन्हात औषध काय आहे हे शोधायला गोट्झ नावाचे शास्त्रज्ञ बसले होते. त्यांनी सुरू केलेली ओझोनची नोंदवही 1926 पासूनची आहे. जगात सर्वांत जुनी.

युरोपातलं काम झाल्यावर ती यंत्रं बांधून दूरदेशी धाडली. त्यातलं एक आलं कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत. सूर्य डोक्यावर तळपतो तिथे ओझोन जास्त असणार, कारण ऊनच तो घडवतं, असा सरळ हिशेब होता. निघाला उलटा. उष्ण कटिबंधात कमी, आणि वर उत्तरेकडे वसंतात भरमसाट. घडतो इथे, साठतो तिथे. पुढे या वाहतुकीचं कोडं डॉब्सन आणि त्यांचे सहकारी ॲलन ब्रुअर यांनी मिळून उकललं; हवा विषुववृत्तावर वर चढते आणि ध्रुवांकडे उतरते. आजही त्या अभिसरणाला या दोघांचीच नावं आहेत.

आकड्याची भाषाही डॉब्सनचीच. डोक्यावरचा सगळा ओझोन गोळा करून समुद्रसपाटीच्या दाबावर आणि शून्य अंश सेल्सिअसला अंथरला, तर त्याची जाडी एक मिलिमीटर भरली म्हणजे 100 डॉब्सन युनिट. जगाची सरासरी सुमारे 300. म्हणजे तीन मिलिमीटर, हलक्या हातानं थापलेल्या भाकरीएवढी. पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीच्या दरम्यान विखुरलेला असतो म्हणून आपण त्याला थर म्हणतो आणि मनातल्या मनात छत समजतो. 16 सप्टेंबरला, ओझोन दिनी, शाळाशाळांत चित्रस्पर्धा होतात. पृथ्वीला डोळे, हातात छत्री, छत्रीला भोक. ती चित्रं मला आवडतात. पण भोक कुणाला दिसलं, कशानं दिसलं, हे कुठल्याच चित्रात नसतं. ही पेटी काढायला तशी सोपी आहे; एक आयत, वर नळी.

आपल्याकडे डॉब्सनला खरा जाणता भेटला तो के. आर. रामनाथन यांच्या रूपानं. रामन यांचे विद्यार्थी, हवामान खात्यात वर्षानुवर्षं काढलेली, 1948 पासून अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक. पुढे आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्षही झाले. इंग्लंडात घडलेल्या यंत्राला भारतात नवीनच दुखणं लागलं होतं: धूळ. धूळ आणि धुरकट हवा दोन्ही किरणांना अडवते, पण अगदी सारखं अडवत नाही. तेवढ्यापुरता ओझोनचा आकडा बिघडतो. रामनाथन आणि आर. व्ही. करंदीकर यांनी 1949 मध्ये या दुखण्यावर निबंध लिहिला. तरंगलांबींच्या एका जोडीवर भागवण्याऐवजी दोन जोड्या घ्यायच्या आणि एकीचा हिशेब दुसरीतून वजा करायचा, की धुळीचा बराचसा वाटा आपोआप गळतो. ही दोन जोड्यांची पद्धत पुढे जगभर रूढ झाली. लंडनच्या धुक्यात घडलेल्या पोराला चैत्रातल्या वावटळीची सवय करावी लागली, तर त्यात आपल्या माणसांचा हात होता एवढं खरं.

पुण्यात शिवाजीनगरला घड्याळाच्या मनोऱ्याची दगडी इमारत आहे. हवामान खातं 1928 मध्ये सिमल्याहून इथे आलं म्हणून पुणेकर तिला आजही सिमला ऑफिस म्हणतात. बसच्या स्टॉपचं नावही तेच. अण्णा मणी 1948 मध्ये याच खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. फुग्यासोबत वर जाऊन वाटेतला ओझोन मोजणारं भारतीय बनावटीचं उपकरण साठच्या दशकात त्यांच्या पुढाकारानं तयार झालं. तो डॉब्सनचा धाकटा, उडाणटप्पू भाऊ: वर जातो आणि क्वचितच परत येतो. थोरला मात्र जमिनीवरच बसून वरच्या गोष्टी सांगतो. आपल्या हवामान खात्याच्या डॉब्सनांच्या यादीत पुण्याचंही नाव आहे.

जमिनीवर बसून तो उंचीचाही अंदाज देतो, पण त्यासाठी त्याच्यापाशी तासन् तास बसावं लागतं. सूर्य मावळतीला लागला की यंत्राचं तोंड सूर्याकडून काढून सरळ डोक्यावरच्या आकाशाकडे करायचं आणि आकडे घेत राहायचं. दोन किरणांचं प्रमाण एका दिशेनं बदलत जातं आणि सूर्य क्षितिजाला टेकता टेकता एकदम उलटं फिरतं. गोट्झना हे 1929 मध्ये स्पिट्सबर्गेन बेटावर दिसलं. जर्मनमध्ये उलटण्याला ‘उमकेर’ म्हणतात, ते नाव जगभर टिकलं. त्या वळणाच्या आकारावरून ओझोन कोणत्या उंचीवर किती हे काढता येतं. करंदीकर आणि रामनाथन यांनी आपल्याकडच्या अक्षांशांवर हा उमकेर लावून पाहिला. तो लावायचा दिवस निरभ्र पाहिजे. मध्येच एखादा ढग आला की अख्खी संध्याकाळ फुकट.

आता त्याच्या पत्रिकेतला सर्वांत ठळक योग सांगतो. काहीही विचित्र घडलं की पहिला संशय याच्यावर.

1956 मध्ये अंटार्क्टिकात हॅली बे इथे ब्रिटिशांनी तळ उभारला आणि तिथे एक डॉब्सन गेला. तिथून तारेनं आकडे यायचे. स्पिट्सबर्गेनच्या आकड्यांवरून स्वतः डॉब्सन यांनी सहा महिन्यांचा फरक धरून अंदाज बांधला होता. सप्टेंबर-ऑक्टोबरचे आकडे त्या अंदाजाहून दीडशे युनिटांनी कमी आले. साहजिकच यंत्र बिघडलं किंवा माणूस चुकला असं वाटलं. नोव्हेंबरमध्ये आकडे एकदम उसळून अपेक्षित जागी गेले. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. तेव्हा कुठे समजलं की यंत्र खरं बोलत होतं. दक्षिण ध्रुवाभोवती हिवाळ्यात वाऱ्याचं जे रिंगण बसतं ते उत्तरेपेक्षा जास्त घट्ट असतं आणि बाहेरचा ओझोन आत यायला उशीर होतो. ते भोक नव्हतं, तो तिथला रिवाज होता. पण तो रिवाज 1956 पासून वहीत नोंदवला गेला म्हणूनच तो मोडला तेव्हा कळलं.

मोडला तो सत्तरीच्या अखेरीस. केंब्रिजच्या ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेत जो फार्मन वर्षानुवर्षं हेच आकडे सांभाळत बसले होते. 1977 मध्ये रुजू झालेल्या जोनाथन शँक्लिन यांच्या वाट्याला साचलेल्या कागदी नोंदी संगणकात घालण्याचं काम आलं. म्हणजे चक्क कारकुनी. लोकांसाठी संस्था खुली ठेवण्याचा दिवस जवळ आला होता. स्प्रेच्या डब्यांनी ओझोन जातो अशी तेव्हा बोलवा होती. तसं काही नाही, यंदाचे आकडे वीस वर्षांपूर्वीसारखेच आहेत, हे दाखवणारा आलेख शँक्लिन काढायला बसले. आलेख ऐकेना. वसंतातले आकडे उतरणीला लागले होते.

संशय पुन्हा पेटीवर. इतकी वर्षं बर्फात काढलेलं यंत्र, बिघडणारच. नव्यानं तपासून घेतलेला दुसरा डॉब्सन तिथे पाठवला. त्यानंही तेच सांगितलं. ऑक्टोबरची सरासरी पूर्वी 300 च्या आसपास असायची, ती 1984 पर्यंत 200 च्या खाली आली होती. फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन यांचा निबंध 16 मे 1985 च्या ‘नेचर’मध्ये आला. हॅलीच्या थंडीत त्या यंत्राला दुलईत गुंडाळून ठेवत असं सांगतात. जपानच्या श्योवा तळावर शिगेरू चुबाची यांनीही 1982 मध्ये डॉब्सननंच वसंतातले विचित्र खालचे आकडे टिपले होते आणि 1984 मध्ये ग्रीसमधल्या परिषदेत मांडलेही होते. पण त्यांचे आकडे एका वर्षाचे. ज्याच्याकडे जुन्या वह्या होत्या त्याचं जगानं ऐकलं.

यानंतरची दंतकथा सगळ्यांना पाठ आहे: नासाच्या उपग्रहानं हे आधीच पाहिलं होतं, पण संगणकानं आकडे चूक समजून फेकून दिले. गोष्ट म्हणून छान, पण पुरती खरी नाही. निम्बस-7 वरच्या यंत्राचे 180 युनिटांखालचे आकडे संशयित म्हणून खूण करून बाजूला ठेवले जात, फेकले जात नव्हते. पवन भरतिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नजरेला त्या खुणांचा ढीग 1984 मध्ये आला होता. त्यांनी पडताळा कुठे पाहिला? दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन तळावरच्या डॉब्सनकडे. तो म्हणत होता 300. आणि ते आकडे पुढे चुकीचे निघाले.

ही गोष्ट त्याच्या चाहत्यांना सांगायला आवडत नाही, मला मात्र सांगावीशी वाटते. हॅलीचा डॉब्सन खरा असून त्याच्यावर वहीम घेतला गेला, आणि ध्रुवावरच्या त्याच्याच भावाचा आकडा साक्षीला धरला गेला, तोच नेमका चुकला. यंत्रं एकाच घराण्यातली. फरक पडतो तो दिवा-तक्ता-तरफेच्या रोजच्या पाळणुकीत.

म्हणून या घराण्यात तीर्थयात्रा आहे. लंडनच्या आर. अँड जे. बेक कंपनीनं बनवलेल्या शंभराहून अधिक डॉब्सनांतला क्रमांक 83 हा साऱ्यांचा थोरला मानला जातो. तो अमेरिकेत बोल्डरला असतो आणि स्वतःची परीक्षा द्यायला अधूनमधून हवाईमधल्या मौना लोआ डोंगरावर जातो, जिथे हवा स्वच्छ आणि आकाश स्थिर. तिथे तो दिवसभर सूर्याची वेगवेगळी उंची धरून आकडे घेतो आणि वातावरणाच्या बाहेर सूर्य कसा दिसत असेल याचा हिशेब जुळवतो. बाकीचे डॉब्सन मग त्याच्याशी, किंवा त्याच्याशी ताडलेल्या प्रादेशिक मानकाशी, शेजारी शेजारी उभे राहून आकडे जुळवतात. गच्चीवर एका रांगेत सात-आठ पेट्या, साऱ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. वारकऱ्यांच्या दिंडीत असतात तसे सगळे एका ठेक्यात.

घरात आता नवे लोकही आहेत. ॲलन ब्रुअर पुढे टोरंटोला गेले, आणि त्यांच्या नावाचं ब्रुअर यंत्र स्वतःच सूर्य शोधतं, स्वतःच फिरतं, स्वतःच आकडे लिहितं. अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री तळावर ब्रुअर होतं आणि फुगेही सुटतात.  उपग्रह तर रोज अख्खी पृथ्वी पालथी घालतात. पण उपग्रहाचं आयुष्य काही वर्षांचं. तो गेला की दुसरा येतो आणि दोघांच्या आकड्यांमध्ये सांधा राहतो. तो सांधा जुळवायला पुन्हा जमिनीवरच्या म्हाताऱ्यालाच विचारावं लागतं. सांगणारा रिटायर होत नाही, तोवर घराचा हिशेब त्याच्याकडेच.

फ्रिजमधला वायू, स्प्रेमधला वायू, क्लोरोफ्लुरोकार्बन नावाचं ते प्रकरण, 1928 मध्ये थॉमस मिजली यांच्या प्रयोगशाळेत जन्मलं. जवळजवळ त्याच सुमारास काटेवाला डॉब्सन ऑक्सफर्डला घडत होता. दोघांना एकमेकांची खबर नव्हती. 1974 मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी या वायूचं आणि ओझोनच्या नाशाचं नातं कागदावर मांडलं, 1987 मध्ये मॉन्ट्रिअलचा करार झाला, वायू बंद होत गेले. अंटार्क्टिकावरचा थर 1980 च्या पातळीवर यायला 2066 च्या आसपासचं वर्ष उजाडेल असा 2022 च्या शास्त्रीय अहवालाचा अंदाज आहे. ते वर्ष उजाडेल तेव्हा हॅलीच्या पहिल्या नोंदीला एकशे दहा वर्षं झालेली असतील, आणि आलेखावरची ती रेघ कुणीतरी काढत असेल.

पुण्यात श्रावण. सकाळपासून आभाळ भरलेलं. ऑब्झर्व्हर गच्चीवर येतो, पेटीवरचं आच्छादन काढतो, थर्मामीटर बघतो, तक्ता बघून तरफ लावतो. मोटर घरघरते. ढगाआडून सूर्य अर्धवट दिसतो, काटा शून्याकडे येतो आणि पुन्हा लडबडतो. आणखी दोन मिनिटं. एक फट पडते, हात तबकडीवर जातो, आणि तेवढ्यात पुन्हा अंधारतं. तो नळीचं तोंड सरळ वर, ढगाळ आकाशाकडे करतो, एक रीडिंग घेतो, वेळ लिहितो, आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द: ढग.